देवराई राखायची तर देऊळ केवढं हवं?

आमच्या आजोळी, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवर, देवरहाटीच्या तोंडाशी चपला काढायचा एक चिरा होता. देवरहाटी म्हणजे देवराईच, देवाच्या नावाने राखलेलं रान. साधा जांभ्याचा चिरा, अर्धाअधिक जमिनीत गेलेला, वर शेवाळ धरलेलं. तिथून देवीच्या ठाण्यापर्यंत चालायला पाच-सात मिनिटं लागायची. वाट सगळी पाचोळ्याची. डाव्या हाताला गारंबीचा मांडीएवढा वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला, आणि पुढे एक बेहडा, ज्याला तीन माणसांची कव पुरायची नाही. त्या चिऱ्यापाशी आलं की आजी बोलायची थांबायची. मी विचारायचो, देऊळ तर अजून लांब आहे, चपला आत्ताच कशाला? ती म्हणायची, "आलं की देऊळ. आता गप चल."

गेल्या शिमग्याला गेलो तेव्हा तो चिरा सापडला नाही. डांबरी रस्ता आता थेट सभामंडपापर्यंत जातो आणि चिरा बहुधा रस्त्याच्या भरावात गेला. चपला काढायच्या त्या सभामंडपाच्या पायरीशी, लादीवर. बेहडा उभा आहे, पण त्याच्या बुंध्याला सिमेंटचा कट्टा आवळलाय आणि आजूबाजूला पेव्हर ब्लॉक बसवलेत. आवारातली दोन जांभळं शेंड्याकडून वाळत चालली आहेत. देवीचा मूळ पाषाण गाभाऱ्यात आहे, त्याच्यापुढे संगमरवराची नवी मूर्ती. काम मनापासून झालंय, पैसे गावच्याच माणसांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेत, आणि आरतीच्या वेळी म्हातारी माणसं आता पावसात भिजत नाहीत. हे सगळं मला मान्य आहे. तरीही चपला काढायची जागा तीन-चारशे पावलं आत सरकली, म्हणजे आमचं देऊळ तेवढं लहान झालं, असंच मी म्हणेन.

सह्याद्रीत आणि कोकणात सध्या शेकडो गावांपुढे हाच प्रश्न आहे. देवराईत जीर्णोद्धार करायचा का, केवढा करायचा, आणि त्यासाठी किती रान द्यायचं. याला कुणी धर्म विरुद्ध पर्यावरण असं रूप दिलं की मला वाईट वाटतं. देवराईचं रान हे तिथल्या धर्माचंच अंग आहे, आणि ते तोडून बांधलेलं देऊळ त्या धर्माचंच नुकसान करतं, एवढं मला इथे मांडायचं आहे.

शाळा-कॉलेजात धर्माचा भूगोल शिकवतात तो रंगवलेल्या नकाशांतून. हा धर्म इथे उगम पावला, तिथून इकडे पसरला, या देशात इतके टक्के. सर्वांसाठी खुले असलेले, जगभर पसरलेले धर्म एकीकडे. एका समाजाशी आणि भूमीशी बांधलेले धर्म दुसरीकडे. अशा नकाशात आमची देवी कुठेच दिसत नाही. ती हिंदू या मोठ्या रंगाखाली बुडून जाते. पण तिचा स्वतःचा भूगोल फार नेमका आहे. ती त्या डोंगराच्या त्या कुशीची आहे, त्या पऱ्ह्याची, म्हणजे ओढ्याची, आहे, तिचा अंमल गावाच्या शिवेपर्यंत. पलीकडच्या गावात दुसरी कुणी आहे; वाघजाई, काळकाई, सोमजाई, झोलाई, नाहीतर वेताळ, म्हसोबा, रवळनाथ. कोकणात गाऱ्हाणं घालताना गुरव किंवा मानकरी आधी जागेवाल्यांना हाका मारतो, बारा गावच्या, वेशीवरच्या, पाणवठ्यावरच्या, आणि मग मागणं मागतो. "होय महाराजा" म्हणणारे सगळे त्या जागेला साक्षी ठेवत असतात.

अमेरिकन भूगोलज्ञ कार्ल सॉवर यांनी १९२५ साली सांस्कृतिक भूदृश्याची कल्पना मांडली. संस्कृती ही घडवणारी शक्ती, निसर्ग हे माध्यम, आणि त्यातून जे जमिनीवर दिसतं ते सांस्कृतिक भूदृश्य, असा तिचा गाभा. भातखाचरं, वाड्या, घाटवाटा, देवळं ही तिची सहज सुचणारी उदाहरणं. देवराई तिथे बसवताना थोडं थांबावं लागतं, कारण तिथे माणसाने केलेलं काहीच दिसत नाही. नवखा माणूस तिला उरलंसुरलं जंगल समजतो. पण चारी बाजूंना डोंगर उघडे पडले, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, झाडं साळली गेली, कोळशासाठी रान गेलं, आणि मधोमध दोन-चार एकरांचा हिरवा तुकडा शाबूत राहिला, तो आपोआप राहिलेला नाही. पिढ्यान् पिढ्या माणसांनी सुकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. हात न लावणं हेही काम आहे, शिस्तीने केलेलं. भातखाचर जितकं माणसाने घडवलेलं, तितकीच देवराईही.

गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक आयुष्याची बरीच वर्षं महाराष्ट्रातल्या धनगरांच्या, खंडोबा-बिरोबा-म्हस्कोबाच्या मागे हिंडले. त्यांनी वन आणि क्षेत्र अशी जोडी मांडली. क्षेत्र म्हणजे नांगरलेलं, वसवलेलं, मोजलेलं; वन म्हणजे त्यापलीकडचं, गुराख्यांचं, शिकाऱ्यांचं, दैवतांचं. दोन्ही एकमेकांना धरून असतात. आपल्या भाषेत तीर्थालाही आपण क्षेत्रच म्हणतो, हे मला त्यांच्यामुळे पहिल्यांदा जाणवलं. गावाच्या मधल्या देवळात क्षेत्राचा देव असतो, त्याला भिंती, कळस, नित्यपूजा लागते. देवरहाटीतलं ठाणं वनाचं. त्याला छप्पर नसलं तरी चालतं. कित्येक ठिकाणी देवीने छप्पर नको म्हणून कौल दिल्याच्या गोष्टी म्हातारी माणसं सांगतात. आज जे चाललंय ते वनाच्या देवाला क्षेत्राचा देव करून टाकणं आहे. काळकाईची महाकाली होते, वेताळाच्या जागी महादेव येतो, कोंबडा देऊन केली जाणारी राखण बंद होते आणि होमहवन सुरू होतं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ साली कर्नाटकातल्या कोडगूवरच्या ग्रंथात वरच्या जातींच्या चालीरीती उचलण्याच्या या प्रक्रियेला संस्कृतीकरण हे नाव दिलं.

आणि त्याच कोडगूत देवराया आहेत, तिथे त्यांना देवरकाडू म्हणतात, बाराशेच्या वर. १९०५ मध्ये त्यांचं क्षेत्र सहा हजार हेक्टरांहून अधिक नोंदलेलं होतं. १९८५ पर्यंत ते अडीच हजारांच्या आसपास आलं. कॉफीचे मळे, अतिक्रमणं, आणि त्या मधल्या काळात ही जमीन महसूल खात्याकडे असणं, अशी कारणं त्यामागे होती. श्रद्धा गेली म्हणून रान गेलं असं तिथे म्हणता येत नाही. देवरकाडूंचे उत्सव चालूच राहिले. उत्सव राहतो आणि रान जातं, हे होऊ शकतं, हाच त्यातला धोका आहे.

आपल्याकडे तो धोका मुंबईच्या वाटेने येतो, आणि हे मी आमच्याच माणसांबद्दल बोलतोय. गिरण्यांच्या काळात कोकणातली माणसं लालबाग-परळच्या चाळींत गेली तेव्हा गाव सोबत घेऊन गेली. गावाच्या नावाची मंडळं निघाली, खोल्यांमध्ये बाकडी टाकून बैठका झाल्या. माणसं स्थलांतर करतात तेव्हा त्यांचे देव, सण, खाणं बरोबर जातं. भूगोलात हा प्रसाराचा एक सरळ प्रकार मानतात. गणपतीला, शिमग्याला चाकरमानी येत राहिले ते या धाग्यावर. पण आता प्रवाह उलटाही वाहतो. शहरात पाहिलेलं देऊळ मनात ठसतं. मोठं शिखर, ग्रॅनाइट, रोषणाई, दानपेटी, भक्तनिवास. आपल्या देवीचं ठाणं गवती छपराचं किंवा नुसतं झाडाखाली, याची लाज वाटायला लागते. तिच्यावरच्या प्रेमापोटीच ही लाज येते, म्हणून तिची थट्टा करू नये. पावती पुस्तक छापलं जातं, देणगीदारांची नावं फरशीवर कोरली जातात, आणि शहरातल्या देवळाचा नमुना पैशाच्या पाठोपाठ डोंगरात पोचतो.

आमच्या गावात झाडं तोडायच्या आधी कौल घेतला होता. पाषाणाला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावले, उजवा कळा पडला, देवीने होकार दिला. मी नंतर एका मानकरी मामांना विचारलं, नेमकं काय विचारलं होतंत? त्यांनी शब्द सांगितले: "आई, तुझं देऊळ बांधतोय, तुला मान्य आहे का?" रस्त्यासाठी किती झाडं जातील, आवार कुठपर्यंत साफ करायचं, जेसीबी कुठून आत येईल, यातलं काही विचारलं गेलं नव्हतं. मामा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तेव्हा तसं सुचलंच नाही रे." त्यांना मी दोष देत नाही. पूर्वी हा प्रश्न वेगळा विचारायची गरजच नव्हती. रान तोडून देऊळ बांधायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकीकत त्यांच्यामुळे नोंदली गेली. तिथल्या देवराईतली झाडं तोडायला लावली जाणार होती, तेव्हा गावकऱ्यांनी या अभ्यासकांकडे धाव घेतली. त्यांचं म्हणणं देवीच्या कोपापुरतं नव्हतं. राई गेली तर तिच्यातून येणारा ओढा आटेल आणि आमची शेती जाईल, असं त्यांनी सांगितलं. श्रद्धा आणि पाण्याचा हिशेब त्या माणसांच्या बोलण्यात वेगळे काढता येत नव्हते. मावळातली अजिवलीची वाघजाईची देवराई भेरली माडांसाठी ओळखली जाते. तिथे माडांची माडी काढली जाते आणि त्याचा पैसा देवीच्या कामी येतो. म्हणजे वापर होता, पण नेमाने. झाड उभं ठेवून.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला, सगळ्यात खरा. गावकरी म्हणतात, तुम्ही पुण्या-मुंबईत पक्क्या घरात राहणार आणि आम्ही मात्र तुमच्या धनेश पक्ष्यासाठी देवीला पावसात ठेवायचं? याला माझ्याकडे एकच प्रामाणिक उत्तर आहे. छप्पर हवंच. ठाण्यावर चार खांबांचं कौलारू छप्पर, बसायला ओटा, म्हाताऱ्यांना वाटेवर दगडी पायऱ्या, हे रानात सामावतं. सभामंडप, गाड्या लावायची जागा, जेवणावळीची शेड, शौचालय हे देवराईच्या बाहेर, गावठाणाच्या बाजूला बांधता येतं. पालखी चालतच तर जाते. तिच्याबरोबर आपण शंभर पावलं चाललो तर काय बिघडतं?

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. देवराईतला नेम सगळ्यांसाठी सारखा नव्हता. मान कुणाचा, पुढे कोण, पायरीखाली कोण, बाईने कुठपर्यंत जायचं, हे जातीने आणि बाईपणाने ठरत आलं आहे. रान राखणाऱ्या जुन्या व्यवस्थेचं गुणगान करताना हे झाकणं खोटेपणा ठरेल. ही व्यवस्था आहे तशी जपा असं मी म्हणत नाही. मानाची यादी बदला, सगळ्यांना आत घ्या, बायकांनी गाऱ्हाणं घालावं, ग्रामसभेत त्यांचं मत धरावं. पण सिमेंटने ही विषमता घालवली असा माझा तरी अनुभव नाही. आमच्या नव्या देवळात तेच मानकरी त्याच क्रमाने बसतात. आणि जे कधी आत जात नव्हते, त्यांच्या वाडीचं पाणी मात्र त्याच रानातून येत होतं.

तिसरा आक्षेप विवेकवादी मित्रांचा. देवीच्या भीतीवर जंगल राखायचं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी. मला वाटतं, ते भीतीला जास्त मोल देतात. आजी त्या चिऱ्यापाशी घाबरायची नाही, ती अदब राखायची. दवाखान्यात, स्मशानात, कुणाच्या घरी मयत झालेली असताना आपण आवाज खाली आणतो, तसं. काही जागा आपल्या वापरासाठी नसतात, तिथे पाहुण्यासारखं वागायचं असतं, हे देव न मानणाऱ्यालाही कळतं. त्या कळण्याला आपल्या लोकांनी देवीचं नाव दिलं.

खरा अडथळा मला सरकारी कागदांत दिसतो. एखाद्या गावाच्या जत्रास्थळाला 'क' वर्ग दर्जा मिळाला की जिल्हा नियोजनातून निधी येतो, आणि तो बहुतेक बांधकामावरच खर्च होतो. सभामंडप, रस्ता, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा. आमदार निधीचंही तेच, कारण बांधकामाला अंदाजपत्रक असतं, मोजमाप असतं, उद्घाटनाची पाटी असते. पऱ्ह्याच्या उगमाची डागडुजी, गुरं आत जाऊ नयेत म्हणून दगडी गडगा, वाळलेल्या झाडाच्या जागी त्याच राईतल्या बियांचं रोप, यासाठी मागणी करायला रकानाच नसतो. तो रकाना तयार व्हायला हवा. ज्या देवस्थानाला राई आहे, तिथे सरकारी पैसा द्यायच्या आधी राईची हद्द मोजून नकाशावर यावी आणि त्या हद्दीत नवं पक्कं बांधकाम नाही, एवढी एकच अट असावी.

हद्दीचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. सातबाऱ्यावर कुठे देवाचं नाव आहे, कुठे सरकारचं, कुठे वन लागलेलं, कुठे खाजगी मालकी. जिथे वन लागलंय तिथे बांधकामाला वन कायद्याची परवानगी लागते, म्हणून गाव वनखात्यावर चिडतं. जिथे खाजगी आहे तिथे मालकाने विकली की संपलं. सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांच्या प्रकरणात १८ डिसेंबर २०२४ रोजी अशा पवित्र वनांची मोजणी करून ती अधिसूचित करायला सांगितलं, आणि देशभरासाठी धोरण आखण्याची सूचना केंद्राला केली. स्वागतच आहे. ओरण असोत, झारखंडचे सरना, केरळातले काव किंवा मेघालयातल्या मावफ्लांगची राई, सगळ्यांना त्याचा आधार मिळू शकतो. पण एक भीती आहे. अधिसूचना निघाली, फलक लागला, कुंपण आलं आणि गुरवाला आत जायला वनरक्षकाला विचारावं लागलं, तर राई उरेल आणि देवराई जाईल. ते रान अभयारण्याचा एक कोपरा होऊन बसेल.

म्हणून गावाच्या हाताला बळ देणारे कायदे आधी वापरावेत. २००६च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा हक्क ग्रामसभेला आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीत समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही करायला हवी. त्याच कायद्यातून दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथल्या रानजायफळाच्या दलदलीला जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. ही झाडं गोड्या पाण्याच्या चिखलात उभी राहतात आणि श्वासासाठी मुळं गुडघ्यासारखी वर काढतात. महाराष्ट्रात अशी जागा जवळपास नाहीच, आणि ती टिकली देवाच्या राईत. हद्दीपलीकडे गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या बांबर इथेही अशीच दलदल आहे, निरंकाराची राई. निरंकार, म्हणजे ज्याला आकार नाही. त्या देवाला मोठी इमारत कशासाठी लागेल?

आमच्या शेजारच्या वाडीचं काम अजून व्हायचं आहे. त्यांच्या देवरहाटीत गेल्या उन्हाळ्यात जाऊन आलो. सातवीण, हिरडा, जांभूळ, आत शिरलं की भर दुपारी अंगावर गारवा. ठाण्यावर दोन पत्रे, तेही गंजलेले, आणि पाषाणांच्या ओळीवर शेंदराचे जुने थर. पावती पुस्तक छापून आलंय, मंडळाचा फोनही येऊन गेला. मे महिन्यात बैठक आहे, मी जाणार आहे, आणि वर्गणीही देणार आहे. फक्त पावतीवर 'ठाण्याचं छप्पर व राईचा गडगा' असं लिहून मागणार आहे, आणि कौल घ्यायचाच असेल तर या वेळी देवीला झाडांचं वेगळं विचारा, असं सगळ्यांसमोर सांगणार आहे. त्यांच्या वाटेवरचा चपला काढायचा चिरा अजून जागेवर आहे.